भिंतीवरचे जीवनराव

गुप्तहेर विश्वंभर छत्री विसरला, तिथून सगळं बिघडलं.

ज्यांनी विश्वंभर वाचलेला नाही त्यांना यात बिघडायचं काय ते कळणार नाही. हल्ली वाचणारे राहिलेत किती, हा प्रश्न जीवनराव आहेरांना विचारू नये, कारण ते उत्तर देतात. विश्वंभर म्हणजे जुन्या, खिशात मावणाऱ्या कादंबऱ्यांमधला गुप्तहेर. बंद गळ्याचा कोट, कुरकुरणारे बूट आणि बाराही महिने हातात काळी छत्री. छत्रीच्या टोकाने तो पडदे बाजूला सारी, पलंगाखाली ढोसून बघी आणि शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना एका खोलीत बसवून त्याच टोकाने खुनी दाखवी. टीव्हीवर तो आधी दोनदा येऊन गेला होता. घरात एकच वाहिनी दिसायची त्या काळात नाटकातल्या एका जाड नटाने त्याचं काम केलं. त्याला जिना चढताना धाप लागे, पण छत्री होती. पुढे एका खासगी वाहिनीने विश्वंभरला बायको दिली, वर सासूही दिली. तेही जीवनरावांनी पोटात घातलं, कारण छत्री होती. आता तिसऱ्यांदा आला तो दाढी वाढवून. जाहिरातीतला हा विश्वंभर पहाटे समुद्रकाठी पळत होता, रात्री त्याला झोप येत नव्हती, म्हणून एका बाईंकडे जाऊन मन मोकळं करत होता आणि पुरावे मोबाइलवर शोधत होता. दोन्ही हात मोकळे.

"याचं सुतक कुणी धरायचं?" जीवनराव टीव्हीकडे बघून म्हणाले. साधनाबाई मेथी निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. संसारात कधी मान वर करायची नाही हे त्यांना फार लवकर उमगलं होतं.

जीवनरावांची सगळी हयात नाशिकरोडला नोटांच्या प्रेसमध्ये गेली. तिथे एखादा कागद कमी भरला तर तो सापडेपर्यंत माणूस जागचा हलत नसे आणि सुटताना रोज दोन्ही हात वर करून झडती द्यावी लागे. याचे दोन परिणाम झाले. एक म्हणजे कुठल्याही दारात गणवेशातला माणूस दिसला की त्यांचे हात आपोआप वर जात. मॉलमध्ये जात, दवाखान्यात जात, एकदा तर भाचीच्या लग्नात बँडवाल्यापुढे गेले. दुसरा म्हणजे जी वस्तू काल होती ती आज असलीच पाहिजे, हे त्यांच्या रक्तात भिनलं. विश्वंभरकडे छत्री होती ना? मग ती गेली कुठे?

त्यांनी वाहिनीला पत्र लिहायचं ठरवलं. आता पत्र लिहायला घरचा कागद चालतो, पण शेजारच्या ब्लॉकमधल्या देवराम पगारेंचं म्हणणं पडलं की एकट्या माणसाच्या कागदाला कुत्रं विचारत नाही, सोसायटीच्या लेटरहेडवर जाऊ द्या. देवरामही प्रेसमधलेच, त्यामुळे त्यांच्या सल्ल्याला वजन होतं. सोसायटीचे सेक्रेटरी हिरामण म्हणाले की लेटरहेडला समितीचा ठराव लागतो. समितीची बैठक कोरमअभावी दोनदा बारगळली. खालच्या मजल्यावरच्या वत्सलाबाईंनी नगरसेवकाला भेटायला सांगितलं, त्या कुठल्याही दुखण्यावर तेच सांगत. शेवटी पत्र निघालं. मजकूर जीवनरावांचा, चार पानी. विषयाची ओळ मात्र हिरामणने मागच्याच पत्रातली तशीच राहू दिली होती. पंधरवड्याने वाहिनीचं उत्तर आलं की आपल्या इमारतीच्या गच्चीतून होणाऱ्या गळतीबद्दल आम्हाला खेद आहे.

माणसाने इथे थांबावं. जीवनराव थांबले नाहीत. देवरामांनी बातमी आणली की विश्वंभरचं शूटिंग देवळाली कॅम्पात एका जुन्या बंगल्यात चाललंय, तेव्हा त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला, स्वतःची काळी छत्री काखेत मारली आणि भर फाल्गुनात, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, ते कॅम्पाच्या बसमध्ये चढले. बेत साधा होता. दिग्दर्शकाला भेटायचं, चार गोष्टी समजावून सांगायच्या आणि छत्री भेट द्यायची.

बंगल्याच्या फाटकावर गणवेशातला माणूस होता. जीवनरावांचे हात वर गेले. इतका समजूतदार पाहुणा त्या रखवालदाराने जन्मात पाहिला नसावा, त्याने काही न विचारता आत सोडलं. दिग्दर्शक मात्र भेटला नाही. भेटली ती राखी नावाची एक मुलगी. सेटवरचं सामान मांडायचं काम तिच्याकडे होतं. तिने खुर्ची दिली, चहा दिला, आणि खरं सांगायचं तर त्या घरात विश्वंभरबद्दल पूर्ण ऐकून घेणारी ती पहिली आणि शेवटची व्यक्ती. ऐकता ऐकता ती त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. मग म्हणाली, "सर, किती शांत चेहरा आहे हो तुमचा. एक फोटो काढू?"

चेहऱ्याचं असं कौतुक जीवनरावांच्या वाट्याला लग्न ठरतानाही आलं नव्हतं. तिने त्यांना खिडकीपाशी बसवून फोटो काढला, बारीक इंग्रजीतल्या कागदावर सही घेतली, छत्री ठेवून घेतली आणि सांगितलं की सर, पहिल्या भागापासून शेवटपर्यंत तुम्ही दिसत राहणार. जीवनरावांनी अर्थ काढला की सुरुवातीला नावं येतात तिथे, 'तज्ज्ञ सल्लागार' म्हणून. सोसायटीत शिरेपर्यंत त्यांनी हा अर्थ निदान आठ जणांना सांगितला होता.

मालिका सुरू झाली त्या सोमवारी संध्याकाळी अख्खा जिना त्यांच्या हॉलमध्ये गोळा झाला. साधनाबाईंनी भेळभत्ता केला होता. हिरामण खुर्चीत, देवराम पलंगावर, वत्सलाबाई अगदी टीव्हीसमोर, कारण त्यांना ऐकू कमी येई आणि ते डोळ्यांनी भरून काढावं लागे. नावं आली आणि गेली, त्यात जीवनराव नव्हते. जाहिराती झाल्या. मग दाढीवाला विश्वंभर एका बंगल्यात शिरला. दिवाणखान्यात पांढऱ्या कपड्यांतली माणसं खाली माना घालून बसली होती. कॅमेरा सावकाश त्यांच्या डोक्यांवरून भिंतीकडे गेला.

भिंतीवर जीवनराव होते. दोन हात उंच चौकटीत, मंद हसत. गळ्यात चंदनाचा हार, काचेवर कपाळाच्या जागी कुंकू, पुढे उदबत्ती. आणि फोटोखाली खुंटीला, दिवंगतांची आठवण म्हणून, त्यांची छत्री.

हॉलमध्ये फक्त हिरामणच्या तोंडात आधीच गेलेल्या शेंगदाण्यांचा आवाज येत राहिला. दाढीवाला विश्वंभर फोटोसमोर उभा राहिला, मान तिरकी केली आणि म्हणाला की हा माणूस घरात कुणालाच फारसा आवडत नसणार. शेवटी देवरामांनाच राहवलं नाही. "फोटो मात्र चांगला आलाय," ते म्हणाले. वत्सलाबाई उठून खाली गेल्या आणि मीठमोहऱ्या घेऊन वर आल्या.

जीवनराव मुकाट बसून दृष्ट काढून घेत होते तेवढ्यात तिकडे येवल्याच्या एका पुतणीने टीव्हीचा फोटो काढून 'आहेर परिवार' या ग्रुपवर टाकला. खाली तिने 'आपले काका टीव्हीवर' असं स्वच्छ मराठीत लिहिलं होतं. पण हार घातलेल्या फोटोखालचा मजकूर वाचायची आपल्याकडे रीत नाही. पहिल्याने 'ॐ शांती' लिहिलं, दुसऱ्याने पहिल्याचं बघून 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं, आणि मग मागे राहिलो तर बरं दिसणार नाही म्हणून सगळी भावकी धावली. जीवनरावांचा नांदगावचा पुतण्या ललित, सख्ख्या धाकट्या भावाचा मुलगा, त्यानेही हात जोडले. जीवनराव चष्मा शोधून 'मी बरा आहे' एवढं टाइप करेपर्यंत ग्रुप बंद झाला होता. ग्रुपचा ॲडमिन मनमाडचा चुलतभाऊ पुंजाराम. कुणी गेलं की दहावा होईपर्यंत ग्रुपवर विनोद आणि शुभ सकाळ येऊ नयेत म्हणून सगळ्यांचं लिहिणं बंद करायचं, हा त्याचा कडक नियम होता.

दुसऱ्या दिवशी जीवनरावांनी त्याला फोन लावला. पुंजारामने आवाज ओळखला, आनंदही व्यक्त केला, पण ग्रुप उघडायला तयार होईना. एकदा दुखवटा जाहीर केला की तो मध्येच मोडता येत नाही, अपशकुन होतो, तुमच्याच जिवाला बरं नाही, असं त्याने समजावलं. दहाव्यानंतर तुम्ही जिवंत असल्याचं मी स्वतः टाकतो, तोवर धीर धरा. जीवनरावांनी फोन ठेवला.

मग फोन सुरू झाले. साधनाबाईंनी उचलला तर पलीकडचा रडायचा आणि त्यांना बोलूच द्यायचा नाही. जीवनरावांनी उचलला तर पलीकडून कुणीतरी गहिवरून म्हणायचं, आवाज अगदी थेट मोठ्या भावासारखा आहे हो, तुम्ही धाकटे भिमाजी का? या प्रश्नाने त्यांना मेल्यापेक्षा मेल्यासारखं होई. शेजारच्या सोसायटीतून पिठलंभात आला. परत कसा करायचा, म्हणून दोघांनी तो खाल्ला.

वाहिनीच्या मदत क्रमांकावरच्या मुलीने तक्रार नीट लिहून घेतली आणि दोन दिवसांनी कळवलं की फोटोवरचा हार आता काढता येणार नाही, कारण पुढचे भाग आधीच तयार आहेत आणि मेलेल्या माणसाच्या फोटोवरचा हार अचानक गेला तर प्रेक्षक गोंधळतील. राखीने मात्र स्वतः फोन केला. ती खरोखर ओशाळली होती. तिच्या मुंबईतल्या घरी कुणाच्याच फोटोला हार नव्हता, तिला इतकं वाटलं नव्हतं. तिच्यावर चिडावं असं जीवनरावांना वाटेना. शांत चेहरा म्हणणारी ती एकटीच होती.

सगळ्यांत जड गेली ती निवृत्त कामगार मित्र मंडळाची शोकसभा. ती थांबवायलाच जीवनराव गेले होते, पण बस उशिरा मिळाली आणि ते पोचले तेव्हा सभागृह दोन मिनिटं स्तब्ध उभं होतं. स्तब्धतेत बोलणं बरं नव्हे, म्हणून तेही दाराशी मान खाली घालून उभे राहिले. डोळे मिटलेले असल्याने कुणाच्या लक्षात आलं नाही. मग मागच्या रांगेत बसून त्यांनी स्वतःबद्दलची भाषणं ऐकली. ती लवकर आटोपली. एक जण म्हणाला, वेळेवर यायचे. दुसरा म्हणाला, वेळेवर जायचे. तिसऱ्याला काही आठवेना, तेव्हा त्याने प्रेसच्या कँटीनबद्दल सांगितलं. शेवटी जीवनराव उभे राहिले, एकच गोंधळ झाला, दोघातिघांनी त्यांना हात लावून पाहिलं. पण ठराव वहीत चढला होता आणि मंजूर झालेला शोकप्रस्ताव मागे घेण्याची तरतूद मंडळाच्या घटनेत नव्हती. पुढच्या सर्वसाधारण सभेत विषय घेऊ, अध्यक्ष म्हणाले, तोवर तुम्ही सभासद म्हणून बसू शकत नाही, पाहुणे म्हणून बसा, चहा घ्या.

वत्सलाबाईंचं म्हणणं होतं की मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं. असेलही. पण वाढून करायचं काय, असं जीवनरावांना आता वाटू लागलं होतं. आपण गेल्यावर जग कसं दिसेल हे माणसाला बघायला मिळत नाही, हे देवाने फार शहाणपणाने केलंय. जीवनरावांना ते बघायला मिळालं आणि ते अगदी आहे तसंच दिसत होतं. नळाला सकाळी पाणी येत होतं, भाजीवाला ओरडत होता. मुलगी तृप्ती तेवढी हैदराबादहून बाप जिवंत आहे हे माहीत असूनही रोज फोन करून रडत होती.

ते खिडकीत बसत आणि सोसायटीच्या फाटकाकडे बघत. कुणाची वाट बघतोय हे त्यांनी सांगितलं नाही आणि साधनाबाईंनी विचारलं नाही, कारण ते दोघांनाही ठाऊक होतं. नांदगावहून भिमाजी आला नव्हता.

भिमाजी त्यांचा धाकटा भाऊ. नांदगावच्या पेठेत त्याचं दोरसुतळीचं दुकान होतं. लहानपणी स्टेशनवरच्या स्टॉलवरून विश्वंभरचं पुस्तक आलं की दोघं एकाच वेळी वाचत, एकाच पुस्तकात डोकी घालून. जीवन भराभर वाची, भिमा अक्षराला अक्षर लावी. पान संपलं की जीवन कोपऱ्याला बोट लावून बसे आणि विचारी, "झालं का?" भिमा म्हणे, "थांब." खून कुणी केला हे पुढच्या पानावर असलं तरी जीवन थांबायचा. पान त्याने कधी आधी उलटलं नाही.

पुढे आई गेली. निरोप प्रेसमध्ये पोचला तेव्हा पाळी चालू होती, नेमका त्याच दिवशी कागदाचा मेळ बसत नव्हता. जीवनराव सुटून, मिळेल त्या गाडीने नांदगावला पोचले तोवर चितेची राख होत आली होती. अग्नी धाकट्याने दिला होता. थोरल्याचा मान त्याने घेतला, पण जीवनरावांना मानाचं नव्हतं, तोंड बघायचं राहिलं त्याचं होतं. "तू थांबला नाहीस," ते म्हणाले होते. "मढं किती वाट बघंल?" भिमाजी म्हणाला होता. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. लग्नकार्यात एका पंगतीत बसत आणि वाढप्याकरवी मीठ मागत.

"भाऊजींना कळवू या," साधनाबाई एका दुपारी म्हणाल्या. "रडत असतील हो ते."

"रडणारा माणूस येतो," जीवनराव म्हणाले. "ललितने ग्रुपवर हात जोडलेत, म्हणजे बापाला कळलंय. मी मेलो तरी ज्याचा पाय घरातून निघत नाही, त्याला मी जगलो हे कशाला सांगायचं? कळवलंस तर माझ्या गळ्याची शपथ आहे."

असल्या शपथा साधनाबाईंनी आजवर ढिगाने मोडल्या होत्या. पण ज्याच्या फोटोला हार पडलाय त्याच्या गळ्याची शपथ मोडायचा त्यांना धीर होईना.

दिवस गेले. मालिकेतल्या त्या खुनाचा उलगडा व्हायची संध्याकाळ आली. आता बघायला कुणी जमलं नव्हतं, दोघंच होते. मूळ कादंबरीत खून दिवाणजी करतो, हे जीवनरावांना पाठ होतं. दाढीवाल्या विश्वंभरने सगळ्यांना दिवाणखान्यात बसवलं, भिंतीवरच्या जीवनरावांकडे एकदा बघितलं आणि मोबाइल पुढे करून खुनी दाखवला. खुनी मयताचा धाकटा भाऊ निघाला.

जीवनराव ताडकन उठले. छत्री गेली तेव्हाही ते इतके संतापले नव्हते. "भाऊ कसा असेल?" ते टीव्हीला म्हणाले. "भाऊ असं करेल का? यांना भाऊ नाहीत का कुणाला? दिवाणजी होता तो." चॅनेल बदलायचं बटण त्यांना सापडेना. साधनाबाईंनी या वेळी मान वर केली आणि नवऱ्याकडे नुसतं बघितलं. ते आत जाऊन निजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साधनाबाईंचा चहा गाळून होतो तोच देवरामांचा फोन आला. व्याह्यांच्या कुणाच्या तरी दहाव्याला ते पंचवटीत गेले होते.

"जीवनराव, रागावू नका," देवराम हळू आवाजात म्हणाले. "रामकुंडावर तुमचा दहावा चाललाय."

देवरामांनी सांगितलं की नांदगावचे भाऊ आहेत, एकटेच आहेत, मुंडण केलंय आणि पिंडाला कावळा शिवत नाहीये. तुम्ही जिवंत आहात हे मीच सांगणार होतो, पण अशी गोष्ट परक्याने सांगितलेली बरी दिसत नाही.

जीवनराव तसेच स्लिपरा घालून निघाले. वाटेत रिक्षावाल्याने विचारलं, दहाव्याला का? हो म्हणाले. कोण होतं? जवळचेच, म्हणाले. द्वारकेचा चौक मागे पडेपर्यंत भिमाला काय काय सुनवायचं ते त्यांनी मनात रचलं. दारात यायला लाज वाटली, आणि दहाव्याला वाटली नाही? साधनाला विचारलंस? भाऊ मेला आणि तू न्हावी बघितलास, याला माणुसकी म्हणतात का? बरंच रचून झालं होतं.

रामकुंडावर नेहमीची गर्दी होती. ठिकठिकाणी पत्रावळींवर पिंड मांडलेले, लोक मागे सरून हात जोडून उभे आणि कावळे सराईतपणे या पंगतीतून त्या पंगतीत चाललेले. एकाच पत्रावळीकडे कुणी फिरकत नव्हतं. तिच्यापुढे पायरीवर एक टक्कल केलेला म्हातारा उकिडवा बसला होता. तो भिमा आहे हे जीवनरावांना आधी पटेना. तो वडिलांसारखा दिसत होता, शेवटच्या आजारातल्या. केस गेल्याने कान मोठे वाटत होते. पत्रावळीवर पिंडाशेजारी लाडू होता, भत्ता होता, बशीत चहा होता आणि दगडाखाली दाबलेलं, कव्हर गेलेलं विश्वंभरचं एक पुस्तक होतं.

आजूबाजूचे लोक सल्ले देत होते. एका बाईने जिलबी ठेवायला सांगितली. दुसऱ्या गृहस्थाने, काही बोलायचं राहिलं असेल तर बोलून टाका, असं सुचवलं. भिमाजी कावळ्यांकडे बघून बोलत होता. बराच वेळ बोलत असावा, आवाज बसला होता.

"दादा, वैनीला काय कमी पडू देनार नाय. तृप्तीला दिवाळीला आनायला मी सोता हैदराबादला जाईन, तिचं माहेर नांदगावला हाय असं समज. आता ये की. लय ऊन झालं."

कावळ्याने मान वाकडी केली आणि तो शेजारच्या पंगतीला गेला. गुरुजींनी घड्याळ बघितलं. मागे माणसं खोळंबलीत, आपण दर्भाचा कावळा करून शिवू, शास्त्रात चालतं, असं ते म्हणाले.

"नाय गुरुजी," भिमाजी म्हणाला. "तुम्ही दुसऱ्यांचं उरका. मी थांबतो. सांज झाली तरी थांबतो. येकदा नाय थांबलो, ते अजून निस्तरतोय."

जीवनराव गर्दीच्या मागे उभे होते. रचलेलं काही इथे चालणार नव्हतं आणि बोलावं तर लागणार होतं, कारण गुरुजी दर्भ घेऊन निघालेच होते. ते दोन पायऱ्या उतरले, भावाच्या पाठीशी आले आणि तोंडातून आलं ते एवढंच, "भिमा, झालं का?"

"थांब," भिमाजी मागे न बघता म्हणाला.

मग त्याचे खांदे ताठ झाले. तो हळूहळू वळला. त्याने आधी जीवनरावांचे पाय बघितले, ते सरळ होते, उलटे नव्हते. मग तोंड बघितलं. जिलबीवाल्या बाई दोन पावलं मागे सरल्या. भिमाजी उठला नाही, ओरडला नाही. नव्या टकलावरून हात फिरवत नुसता बघत राहिला.

"टीव्हीचा फोटो होता तो," जीवनराव म्हणाले. "खोटा."

"ललितनं दावला," भिमाजी म्हणाला. "माझा नव्हता इस्वास बसत. पन फोटोखाली तुझी छत्री व्हती. म्हटलं, छत्री टाकून हा कुठं जानार? तवा खरं वाटलं."

"घरी का नाही आलास?"

"कुन्या तोंडानं यायचं? आईच्या वक्ताला झाली तशी तुझ्या क्रियेचीबी मला घाई झाली असं वैनीला वाटलं असतं."

जीवनराव त्याच्या शेजारी पायरीवर बसले. दगड तापला होता. दगडाखालून त्यांनी पुस्तक ओढून घेतलं, त्याचा शेवटचा कागद चहाने ओला झाला होता. डोळ्यांतून पाणी येत होतं ते त्यांनी पुसलं नाही, तिथे सगळ्यांच्याच येत होतं. भिमाजीने त्यांच्या मनगटाला हात लावला आणि काढलाच नाही.

गुरुजी दर्भ हातात धरून उभे होते. मयतच येऊन पिंडापुढे बसल्यावर पुढे काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. तेवढ्यात पलीकडच्या कठड्यावरून एक कावळा उतरला, पत्रावळीभोवती दोन उड्या मारून आला आणि लाडू, भत्ता सोडून नेमका पिंडालाच शिवला.

"शिवला," गुरुजी म्हणाले. घाटावरच्या सगळ्यांनी सुटका झाल्यासारखे हात जोडले. भिमाजीने जोडले आणि सवयीने जीवनरावांनीही जोडले.

"मन अडकलं होतं बिचाऱ्याचं," जिलबीवाल्या बाई म्हणाल्या.

"हो बाई," जीवनराव म्हणाले. "अडकलं होतं."